मेनशीट बूमच्या टोकाला की मध्यावर?

प्रश्न: आमची १४ फुटी प्लायवूडची शिडाची होडी आहे, बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) २.६ मीटर. मेनशीट (बूम आवळायची-सोडायची दोरी) बूमच्या टोकावरून थेट होडीच्या मागच्या फळीवर येते आणि जाइब करताना (वारा मागून असताना शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेताना) मागच्या आउटबोर्ड इंजिनात अडकते. सोबत दोन मुलं असतात. मेनशीट मध्यावर आणावी का?
— एक वाचक, कुलाबा

उत्तर: आणता येईल, पण कप्पी नुसती पुढे सरकवू नका. बूम ही डोलकाठीशी बिजागरीने जोडलेली तरफ आहे. टोकाला ३० किलोची ओढ पुरत असेल, तर १.३ मीटरवर त्याच कामाला ६० किलो लागतात. टोकाशी दोरी कप्प्यांतून तीन पदरांत फिरवली की हातावर १० किलो येतात. मध्यावर तेवढ्यासाठी सहा पदर हवेत. एवढ्या कप्प्या झाल्या की हलक्या वाऱ्यात दोरी आपोआप सुटत नाही. शिवाय बूम मधोमध खाली वाकते आणि मोडलीच तर बहुधा रिव्हेटसाठी पाडलेल्या भोकापाशी मोडते. म्हणून तिथे भोक न पाडता नायलॉनचा पट्टा गुंडाळून त्याला कप्पी बांधावी.

तुमच्या होडीला आम्ही तिसरी रचना सुचवू. मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांत ब्रायडल, म्हणजे एक आडवी दोरी, ताणा आणि त्यावर एक कप्पी ठेवा. मेनशीटचं टोक बूमच्या शेवटाला बांधा. तिथून ती ब्रायडलच्या कप्पीतून परत बूमच्या टोकावरच्या कप्पीत, मग बूमलगत पुढे मध्यापर्यंत आणि तिथून खाली सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या) पेटीवरच्या रॅचेट कप्पीत (एकाच दिशेने फिरणाऱ्या कप्पीत). मुख्य भार टोकालाच राहतो आणि दोरी मात्र हाताशी समोर येते. वरच्या हिशेबाने हातावर साधारण १२ किलो येतात, घर्षण वेगळं. बूम पूर्ण बाहेर सोडून मोजा. १२-१३ मीटर दोरी लागेल.

रॅचेट कप्पी लाकडात स्क्रूने बसवू नका, वरच्या ओढीने ती उपटते. आरपार बोल्ट, खाली जाड प्लायचा तुकडा आणि नायलॉक नट (आपोआप सैल न होणारा). बोल्ट ३१६ स्टीलचेच घ्या, खाऱ्या पाण्यात साधा बोल्ट गंजतो.

इंजिनात अडकण्याचं खरं कारण मात्र दोरीची ढील आहे, आणि या रचनेतही मागे दोन पदर राहतातच. जाइबआधी बूम मध्यावर ओढून घ्या, ती पलीकडे गेली की लगेच दोरी सोडा. इंजिन वर उचललेलं असेल तर त्यावरून वाकवलेल्या पाइपची कमान बसवा, म्हणजे दोरी घसरून जाते. मुलांना पेटीच्या पुढे बसवा, दोरीच्या वाटेत नको.

आणि मेनशीट क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या खुंटीत) अडकवून ठेवू नका. दुपारी खारे वारे कुलाब्याच्या इमारतींवरून बंदरात उतरतात तेव्हा ते झोतांत येतात. हातातली दोरी लगेच सोडता आली तरच होडी सरळ राहते. घारापुरीच्या लाँचची लाट आली की बूम झटक्याने पलीकडे जाते, त्याचीही तयारी ठेवा.

प्रश्न: मेनशीटला ६ मिमी दोरी पुरेल का?

उत्तर: ताकदीला पुरेल, हाताला नाही. तळहात कापतो. ८ मिमीची विणलेली पॉलिएस्टर घ्या आणि ती कप्पीच्या खाचेत सहज फिरते का ते आधी पाहा. नायलॉन ताणतं, शीड आवळलेलं राहत नाही. मासेमारीची पॉलिप्रॉपिलीन दोरी स्वस्त मिळते, पण उन्हात तिचे तंतू तुटून हाताला टोचतात.