आवाज, पट्टी आणि प्रवेशपरीक्षा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मालवणजवळच्या गावात राहते. अकरावी वाणिज्यला आहे, गायनाची मध्यमा पूर्ण झाली आहे. बारावीनंतर विद्यापीठात गायनच शिकायचे ठरवले आहे. बाबा म्हणतात, "आधी बी.कॉम. कर, गाणे कुठे पळून जाते?" प्रवेशपरीक्षेत नेमके काय बघतात? तयारी कशी करू?

उत्तर : वाणिज्य शाखा आड येत नाही. गायनाच्या पदवीला बारावी उत्तीर्ण असणे आणि प्रत्यक्ष गाऊन दाखवणे, या दोन गोष्टींवर बहुतेक ठिकाणी प्रवेश ठरतो. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र (१९८७ पासून संगीत, नृत्य, नाट्य तिन्ही), मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि मुलींसाठी एसएनडीटी ही राज्यातली नावे तू ऐकलीच असशील. मालवणहून अंतराने सर्वांत जवळ पडते ते पणजीचे गोवा संगीत महाविद्यालय. पण गोव्याबाहेरच्या मुलांसाठी जागांचा नियम काय आहे, तो माहितीपत्रकात आधी वाच, मगच त्यावर भिस्त ठेव. लांब जायची तयारी असेल तर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे आणि छत्तीसगडमधले खैरागड आहे. खैरागडचे तर अख्खे विद्यापीठच १९५६ पासून कलांसाठी आहे. दोन ठिकाणी तरी अर्ज कर, एकावर विसंबू नकोस.

आता परीक्षा. समोर बसलेल्यांना तुझ्या ताना मोजायच्या नसतात. मुलगी सुरात आहे का, लय धरते का, चूक दाखवली तर तिथल्या तिथे सुधारते का, एवढेच ते ऐकतात. म्हणून दहा राग अर्धवट नेण्यापेक्षा एक राग पक्का ने. दुसरा हाताशी ठेव आणि तिसऱ्याची नुसती बंदिश. यमन, भूप, बिहाग, भीमपलास, बागेश्री यांतले काहीही चालेल. अवघड रागाने छाप पडते हा गैरसमज आहे. सतरा वर्षांच्या मुलीने दरबारी मांडला की ऐकणाऱ्याच्या कपाळावर पहिली आठी पडते.

यमन घेतलास असे धरू. वेळ साधारण दहा मिनिटे मिळते, मध्येच थांबवलेही जाते. मिनिटभर आलाप, मग विलंबित (संथ लयीतला) एकताल. बाराच मात्रा, पण अतिविलंबित लय धरलीस तर एका आवर्तनाला पाऊण ते एक मिनिट लागते आणि त्यात समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) वाट विसरायला होते. तू मिनिटाला चोवीस मात्रांची लय घे, म्हणजे आवर्तन तीस सेकंदांचे. पाच-सहा आवर्तने नीट बढत (सुरासुराने रागाचा विस्तार) केलीस की तीन मिनिटे झाली. नंतर तीनतालात छोटा ख्याल, दोन-तीन मिनिटे, शेवटी चार-सहा सरळ ताना. पुरे.

बिघडते कुठे? पहिली जागा मुखडा, म्हणजे बंदिशीचा समेवर आणणारा तुकडा. घरी तबल्याच्या ॲपवर मुखडा बरोबर पडतो, तिथे तबलजी समोर आला की अर्धी मात्रा उशिरा. उपाय असा, की रोज पंधरा मिनिटे न गाता हातावर टाळी-खाली देत एकताल म्हणायचा (टाळ्या १, ५, ९, ११ वर, खाली ३ आणि ७ वर) आणि बंदिशीचे शब्द मनात चालवायचे. दुसरी जागा तीव्र मध्यम आणि निषाद. भीतीने दोन्ही सूर उतरतात. यमनात आरोह षड्जावरून सरळ चढत नाही, 'नी रे ग, म ध नी सां' अशी षड्ज-पंचम टाळत जाणारी चाल असते. ती रोज तानपुऱ्यावर इतकी संथ म्हण की प्रत्येक सूर चार सेकंद टिकेल. तिसरी जागा यूट्यूबवरून उचललेल्या ताना. त्या दुसऱ्याच्या गळ्याच्या मापाने शिवलेल्या असतात आणि परीक्षकांना लगेच ओळखू येतात.

पट्टीकडे, म्हणजे आपला षड्ज पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा याकडे, कोणी लक्ष देत नाही, आणि निम्मे नुकसान तिथेच होते. क्लासमध्ये सगळ्या मुली काळी पाचवर (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवर) गातात म्हणून तूही गात असशील. तपासून बघ : मंद्र पंचम ऐकू येईल असा लागतो का, आणि तार गंधार मानेच्या शिरा न ताणता लागतो का? खालचा पंचम नुसता हवा होत असेल तर पट्टी खाली आहे, वरचा गंधार ओरडून लागत असेल तर वर आहे. मुलींची पट्टी बहुधा पांढरी पाच ते काळी पाच यांच्या दरम्यान बसते. परीक्षेला गेल्यावर पेटीवाल्याला आधी पट्टी सांग, मग बस. ॲपही त्याच पट्टीत लावून ठेव.

तोंडी प्रश्न सोपे असतात : थाट कोणता, वादी-संवादी कोणते, गायनसमय काय, ताल दुगुनीत (दुप्पट लयीत) म्हण. सूर ओळखायला मात्र सराव हवा. घरच्या कोणालाही पेटीवर तीन-तीन सूर वाजवायला सांग, त्याला काही येत नसले तरी चालते. कोमल धैवत आणि पंचम यांची गल्लत हमखास होते. मनात षड्ज धरून ठेवलास तर होत नाही.

बाबांचे म्हणणे टाकाऊ नाही. पदवीनंतर मैफली लगेच मिळत नाहीत. शिकवणे, साथ, ध्वनिमुद्रण, आकाशवाणीची श्रेणी अशा चार ठिकाणांहून मिळून घर चालते. पण बी.कॉम.ची तीन वर्षे कुडाळ किंवा कणकवलीला रोज एस.टी.ने जाऊन-येऊन सकाळ-संध्याकाळचा रियाज उरत नाही. विद्यापीठात तोच वेळ गुरूसमोर मिळतो. हा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखव. त्याबरोबर हेही सांग : केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. गुरूकडे किमान पाच वर्षे शिकल्याचा दाखला लागतो. तो दाखला आत्ताच गुरूंकडून तारखांसह लिहून घे.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा. आमच्या वाडीच्या भजनमंडळात लहानपणापासून गातो, डबलबारीलाही (दोन भजनमंडळांच्या सामन्यालाही) बुवांच्या मागे असतो. सहा महिन्यांपासून आवाज घोगरा, वरचे सूर लागत नाहीत. पुढे गाणेच शिकायचे म्हणतो. आवाज गेला का? हळदीच्या गुळण्या, ज्येष्ठमध सुरू आहे. (सावंतवाडी तालुका)

उत्तर : गेला नाही, फुटतो आहे. या वयात मुलांचा स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. बारा ते सोळा या वर्षांत हे कधीही होते. सर्वांत अवखळ काळ काही महिने असतो, कोणाचा वर्षभरही. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन सुरांनीच, म्हणून कळत नाही.

खरे संकट डबलबारीत आहे. पखवाज, झांजा, समोरच्या बाजूचा गजर, त्यावर कोरस, तोही रात्री बारानंतर, उंच पट्टीत. तिथे स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही आणि मूल ओरडते. आवाज फुटताना जुन्या पट्टीत ओरडत राहिले तर स्वरतंतूंच्या पुढच्या एक तृतीयांश भागाच्या कडेला गाठी येतात. म्हणून सहा-आठ महिने त्याला कोरसातून काढा आणि हातात झांज किंवा पखवाज द्या. तालाचे शिक्षण फुकट जात नाही, उलट पुढे विलंबितात तेच तारते. बुवा रागावतील, रागावू द्या.

रियाज बंद नको. सहजपणे लागणाऱ्या पाच-सहा सुरांतच, वीस मिनिटे सकाळी, वीस संध्याकाळी. पट्टी दर महिन्याला नव्याने ठरवा. आज पांढरी चार असेल, दिवाळीला काळी दोन असेल. पुरुषांचे गाणे अखेर बहुधा काळी एक-दोनच्या आसपास स्थिरावते, पण तिथे त्याला ओढून नेऊ नका. खर्जाचा (अगदी खालच्या सुरांचा) जोर लावून खाली ढकललेला आवाजही बिघडतो. या काळात संगीताची परीक्षा देऊ नये. बंदिशी पाठ करणे आणि ऐकणे यांवर भर द्या.

गुळण्यांचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, ते घशाच्या वरच्या भागातून परत येते. घसा दुखत असेल तर बरे वाटते, इतकेच. सोलकढीलाही उगाच दोष देऊ नका. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे झाले की पोटातले आम्ल वर येऊन घशाला लागते, ते जास्त वाईट. कोरस थांबवूनही घोगरेपणा तीन आठवड्यांत जराही कमी झाला नाही, गाताना दुखले, किंवा सकाळी बरा असलेला आवाज रोज संध्याकाळपर्यंत जातो असे दिसले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या. उलट सतरा उलटूनही आवाज बायकीच राहिला तर तोही उपचाराने सुटतो, लपवू नका.

प्रश्न : मुलीसाठी तानपुरा घ्यावा का? दापोलीच्या पावसात टिकेल का?

उत्तर : प्रवेशापर्यंत ॲप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा पुरेल. तरी घ्याच असे आम्ही म्हणू, कारण चार तारा स्वतः लावता लावता कान तयार होतो, ॲपवर होत नाही. मिरजेला जाऊन, वाजवून घ्या. तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

जूनपासून मात्र काळजी. दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट बसतात, जोर केला की मान तडकते. अशा वेळी खुंटी किंचित बाहेर ओढून मग फिरवा, आणि खडू लावा. निसटत असेल तरी खडूच. पोलादी तारा खाऱ्या हवेने गंजतात, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि वर्षाला बदला. गवसणी सुती हवी, प्लास्टिकमध्ये भोपळ्याला बुरशी येते. भिंतीला टेकवून ठेवू नका, कोकणात पावसाळ्यात भिंतच ओली असते. जवारी (तारा टेकतात त्या घोडीची नेमकी घासणी) बिघडली की तार नुसती टण्‌ वाजते, झंकार जातो. आधी घोडीवर तारेखाली असलेले सूत सरकवून बघा. घोडी घासायचे काम मात्र कारागिराचे.

प्रश्न : विशारद म्हणजे बी.ए.च ना? मग विद्यापीठ कशाला? (चिपळूण)

उत्तर : नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही प्रारंभिकपासून सातवी परीक्षा, अभ्यास म्हणून चांगली. पण ती विद्यापीठाची पदवी नव्हे. कोणत्याही शाखेची पदवी आणि सोबत विशारद असेल तर काही विद्यापीठे संगीताच्या एम.ए.ला घेतात. महाविद्यालयात शिकवायचे तर साधारणपणे एम.ए. आणि नेट किंवा सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) लागते. बी.कॉम. करून विशारद हा मालवणच्या मुलीच्या बाबांना पटेल असा रस्ता आहे, फक्त लांबचा.

प्रश्न : वसईत चर्चच्या क्वायरमध्ये (गायकवृंदात) सोप्रानो (बायकांचा सर्वांत उंच आवाज) गाते, दहावीत आहे. पाश्चात्त्य गायन घेऊन परदेशी विद्यापीठात जायचे आहे.

उत्तर : लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गायनपरीक्षांच्या श्रेणी आठवीपर्यंत असतात, बारावीपर्यंत सहावी-सातवी गाठ. सोबत पियानो थोडा आणि स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची स्वरलिपी) पाहून थेट गाणे, हे दोन्ही आत्ताच सुरू कर. आपल्याकडच्या चांगल्या आवाजांना तिथे नोटेशन वाचनातच मार बसतो. बहुतेक ठिकाणी आधी व्हिडिओ मागतात : वेगवेगळ्या धाटणीची दोन-तीन गाणी, एक इंग्रजी आणि एक इटालियन. कोरसात मिसळून गायचा आवाज आणि एकटीचा आवाज वेगळे असतात, म्हणून व्हिडिओसाठी क्वायरमधले गाणे निवडू नकोस. फोन दोन-अडीच मीटरवर ठेव, पियानो प्रत्यक्ष वाजवणारा हवा, आवाजावर कोणताही इफेक्ट नको, आणि एक गाणे मध्ये न कापता एका दमात चित्रित कर.