स्टोइक तत्त्वज्ञान वापरून मोटिव्हेशन कसं टिकवायचं?

टिकत नाही. आणि टिकेल असं स्टोइकांनी, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या त्या तत्त्वज्ञांनी, कुठे सांगितलेलंही नाहीये, ते रील्सवाल्यांनी सांगितलंय, दाढीवाला संगमरवरी पुतळा आणि खाली एक कोट.

माझं सांगतो. सीए फायनलचा पहिला ग्रुप तीनदा गेला, तिसऱ्यांदा तर प्रत्येक पेपरात चाळीसच्या वर होते आणि ॲग्रिगेट, म्हणजे सगळ्या पेपरांची बेरीज, ७ मार्कांनी गेलं. त्या वर्षी भाऊबीजेला ताईकडे गेलो, दाजींनी जेवतानाच विषय काढला. मी तेव्हा नुकताच एपिक्टेटस हा स्टोइक वाचायला घेतला होता, काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, इथूनच त्याचं ते छोटं पुस्तक सुरू होतं, तर मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो की निकाल माझ्या हातात नाही. दाजी म्हणाले, "कोल्ह्याला द्राक्षं आंबट." सगळे हसले. भाचा पण हसला, त्याला काय कळलं होतं देव जाणे.

आता दाजी अर्धे बरोबर होते हे मान्य, कारण मी ते वाक्य अभ्यासाला न बसण्यासाठीच वापरत होतो. पण अर्धेच. स्टोइकांचं तिरंदाजाचं उदाहरण सिसेरो या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, नीट नेम धरायला जे जे करता येईल ते सगळं करणं हे तिरंदाजाचं काम, बाण लागणं ही पुढची गोष्ट. "सगळं" म्हणजे सगळं, यात पळवाट कुठेय? पण हे मला सापडलं पुढच्या मे महिन्यात, आणि भाऊबीज तर होऊन गेलेली.

सकाळी उठण्याचं म्हणशील तर मार्कस ऑरेलियस हा स्टोइक वाच, त्याच्या 'मेडिटेशन्स'च्या पाचव्या भागाची सुरुवात. इ.स. १६१ ते १८० रोमचा सम्राट, आणि हा माणूस अंथरुणात पडून स्वतःशी भांडतोय की माणसाचं काम करायला उठायचंय, तू काय पांघरुणात ऊब घेत लोळायला जन्मलास का, आणि मग स्वतःच म्हणतो, पण हे जास्त छान वाटतंय! मी ते वाचून एकटाच हसलो. भिंतीवर चिकटवलेले सगळे कोट त्याच दिवशी काढून टाकले, तसेही आठ दिवसांनंतर ते दिसायचे बंद झाले होते.

मला खरा उपयोग झाला तो सेनेका या रोमन स्टोइकाचा. रात्री दिवा विझला आणि बायको गप्प झाली की तो अख्ख्या दिवसाचा हिशोब घ्यायचा, काही लपवायचं नाही, आणि चूक दिसली की स्वतःला सांगायचं, परत करू नकोस, या वेळी माफ. हे माफ करणं लोक गाळतात. मी आधी काय करायचो, दुपारी दोन तास मोबाईलवर गेले की संध्याकाळपण त्याच्याच पश्चात्तापात घालवायचो, म्हणजे दोनाचे सहा तास. वहीत रात्री तीन ओळी लिहायला लागलो, "२ ते ४ व्हॉट्सॲप, उद्या फोन स्वयंपाकघरात, माफ", एवढंच, की झोप. पुढच्या अटेम्प्टला ग्रुप निघाला. वहीमुळेच निघाला असं म्हणत नाही, ऑडिटचा पेपर सोपा होता.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं, सेनेका प्रचंड श्रीमंत होता आणि मार्कसच्या हाताखाली नोकरचाकर, तेव्हा दोन शिफ्ट करून अभ्यास करणाऱ्याने त्यांच्याशी स्वतःची तुलना करू नये. आणि महिनोन् महिने उठावंसंच वाटत नसेल तर डॉक्टरकडे जा, वही राहू दे.

दुसरा ग्रुप मी दिलाच नाही, एका मित्राबरोबर जीएसटीची कामं करतो. दाजी अजून यावरच बोट ठेवतात. तिरंदाजाचं त्यांना दोनदा सांगून झालंय, दोन्ही वेळा त्यांनी चकली पुढे केली.