गाडीचे भाडे आणि कार्डाचे व्याज

कोथरूडचे एक वाचक लिहितात : डिसेंबरमध्ये आईवडिलांना घेऊन चार दिवस गणपतीपुळ्याला जायचे आहे. स्वतः चालवायच्या गाडीचा एकाचा दर दिवसाला 1,600 रुपये आहे, दुसऱ्याचा 2,400, कोणती घ्यावी? पैसे क्रेडिट कार्डाने भरेन. कार्डावर 1,40,000 रुपये थकले आहेत, पण ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम) दरमहा न चुकता भरतो आणि मार्चच्या बोनसमधून सगळे फेडणार आहे. 2,00,000 रुपयांची मुदतठेव आहे, ती अडीअडचणीसाठी असल्याने मोडायची नाही.

गाडीचा प्रश्न आधी निकालात काढतो. 1,600 च्या दरात दिवसाला 120 किलोमीटरच मिळतात आणि त्यापुढे किलोमीटरला 12 रुपये पडतात, असे तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले आहे. जाऊन-येऊन आणि तिथले फिरणे धरून 800 किलोमीटर होतील, म्हणजे 320 जादा. एकूण खर्च सुमारे 10,200 रुपये. दुसऱ्याकडे किलोमीटरची मर्यादा नाही, तेथे 9,600. ती गाडी घ्या. फक्त परत करण्याची वेळ रविवारी संध्याकाळची ठेवू नका, कारण नवले पुलाच्या कोंडीत गेलेल्या तासाचे पैसेही तुमच्याकडूनच घेतले जातील.

आता तुम्ही न विचारलेले. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे, म्हणजे 1,40,000 वर 4,900 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून जवळजवळ 5,800. तुम्ही भरता ते ‘मिनिमम’ 7,000, त्यातले जेमतेम 1,200 मुद्दलात जातात. तेवढीच रक्कम पावणेसात टक्क्यांच्या ठेवीत महिन्याला 800 रुपये मिळवते, तेही कर भरण्याआधी. भाड्यातले 600 रुपये वाचवण्यासाठी दोन कोटेशने ताडून पाहणारे तुम्ही इकडे दरमहा 5,000 रुपये घालवत आहात, आणि याला घरात सुरक्षितता म्हणतात! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे गाडीच्या भाड्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागेल.

बोनसचे म्हणाल, तर तुमच्या स्टेटमेंटांनुसार ही थकबाकी दीड वर्षापूर्वीची आहे; म्हणजे एक मार्च येऊन गेला. थकबाकी फेडायला बँकेने फोनवर देऊ केलेला ‘महिन्याला फक्त सव्वा टक्क्याचा’ हप्ताही घेऊ नका. तो दर मूळ रकमेवर शेवटपर्यंत लागतो, घटत्या मुद्दलावर मोजला तर वर्षाला 25 टक्क्यांच्या पुढे जातो.

ठेव मोडा. मुदतपूर्व मोडल्याचा थोडा दंड बसेल, तो सोसा. कार्ड शून्यावर आणल्यावर 60,000 उरतील. आज ‘मिनिमम’मध्ये जाणारे 7,000 दरमहा आवर्ती ठेवीत टाकलेत, तर वीस महिन्यांत पुन्हा 2,00,000 होतील. गाडीचे भाडे यूपीआयने भरा, अनामत परत किती दिवसांत मिळेल ते लेखी घ्या, आणि ताबा घेताना चारही बाजूंच्या ओरखड्यांबरोबर डिकीतल्या स्टेपनीचाही फोटो काढून ठेवा.