सहा नटांची पिकअप आणि पाच भोकांच्या रिमा

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ह्यूस्टनला असतो. एका शेतकऱ्याकडून 1968ची शेव्हरोले सी-10 पिकअप घेतली, इंजिन ठणठणीत आहे. तिला पाच भोकांच्या जुन्या रॅली रिमा (शेव्हरोलेच्या त्या काळच्या) लावायची हौस आहे पण माझ्या हबला (चाक जिथे बसतं तो मधला भाग) सहा स्टड, म्हणजे नट बसतात ते बोल्ट. दुकानदार म्हणतो अडॅप्टर लावा, म्हणजे सहा स्टडवर बसून पाच स्टड देणारी चकती, अर्ध्या तासाचं काम. लावू का?

उत्तर : अडॅप्टरने काम होतं, खोटं कशाला सांगू, पण मी लावणार नाही. एक तर तो सव्वा ते दोन इंच जाड असतो म्हणजे चाक तेवढं बाहेर सरकतं, बेअरिंगवर ताण वाढतो, वळताना टायर मडगार्डला घासू शकतो. आणि दुसरं म्हणजे नटांचे दोन थर होतात, अडॅप्टर हबला धरणारे आतले आणि रिम धरणारे बाहेरचे, त्यातले आतले घट्ट आहेत का ते चाक काढल्याशिवाय दिसतच नाही. कोण बघतंय दर महिन्याला चाक काढून? हौदा रिकामा असतो तोवर ठीक, विटा भरल्या की मग कळतं.

तुमच्या गाडीचं नशीब चांगलं आहे. 1971मध्ये कंपनीनेच सी-10ला पाच नट आणि पुढे डिस्क ब्रेक दिले. त्यामुळे पुढचे स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा), डिस्क, कॅलिपर (डिस्कला दाबून धरणारे) त्या काळातले बसवले की पाच स्टड तर मिळतातच, वर ड्रम जाऊन डिस्क येते, आणि खरं सांगायचं तर लोक हा खटाटोप रिमांपेक्षा ब्रेकसाठीच करतात. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि व्हॉल्व्ह पण पुढे डिस्क-मागे ड्रम अशा गाडीचा घ्या, तिथे पैसे वाचवू नका. मागे 71-72चा अख्खा अॅक्सल मिळाला तर उत्तम. 73च्या पुढचा स्वस्तात दिसेल पण त्यावर पाट्यांच्या स्प्रिंगची बैठक असते आणि तुमच्याकडे बहुतेक कॉइल स्प्रिंग असणार, म्हणजे परत वेल्डिंग आलं.

आता रिमा. यात भलेभले फसतात. रॅली रिमा कॅमेरोसारख्या कारलाही होत्या, दिसायला सेम टू सेम, पण कारचा पीसीडी, म्हणजे भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, 120.65 मिलिमीटर आणि पिकअपचा 127. पाच भोकांत समोरासमोर भोक येत नाही म्हणून शेजारशेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजा, साधारण 75 आलं तर पिकअपची, 71 आलं तर कारची. चार मिलिमीटरचाच फरक, पण "नट आवळला की बसेल" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. नट पण रिमच्या बैठकीप्रमाणे घ्यायचे, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) चांदणीसारखे एक सोडून एक आवळायचे, आणि शंभरेक किलोमीटर चालवून परत बघायचं.

आणि हो, स्टेपनी! सगळं झाल्यावर मागे सहा भोकांचीच लटकत राहते आणि पंक्चर झालं की आठवण येते.

प्रश्न : माझ्या जिप्सीला मित्राच्या इनोव्हा क्रिस्टाचे अलॉय लागतील का? दोघांना पाचच नट आहेत. (कोल्हापूर)

उत्तर : नट पाच म्हणून काय झालं, जिप्सीचा पीसीडी 139.7 आणि क्रिस्टाचा 114.3, म्हणजे शेजारच्या भोकांत तुमच्याकडे 82 आणि त्याच्याकडे 67 मिलिमीटर, एक स्टड आत गेला तर दुसरा बाहेरच राहणार. लेथवाला नवीन भोकं पाडून देतो म्हणेल. नको. दोन भोकांच्या मध्ये धातूच उरत नाही आणि अलॉय तिथूनच तडकतो. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फेरफार चालत नाही, अपघात झाला तर विमावाला आधी तेच बघेल. जिमनीचा पीसीडी मात्र तुमच्याच मापाचा आहे, तिच्या जुन्या रिमा कुणी काढतंय का बघा, फक्त ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं ते माप) वेगळा असतो, तेव्हा विकत घ्यायच्या आधी एक चाक लावून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा.