वाचकांचे प्रश्न : तेरा वर्षांचा शब्द

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी मूळची महाराष्ट्रातली असून गेली बावीस वर्षे अमेरिकेत राहते. गेल्या नोव्हेंबरात मी आमच्या स्कूल बोर्डावर निवडून आले. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये साधारण नऊ हजार विद्यार्थी आहेत. नव्या सुपरिंटेंडंटांना पुढील दहा वर्षांचे महत्त्वाकांक्षी दृष्टिपत्र हवे आहे. त्यासाठी नेमलेल्या सल्लागारांनी जो मसुदा आणला, त्याचे मुख्य वाक्य 'प्रत्येक मूल उद्याच्या जगासाठी सज्ज' असे आहे. त्याला कोणीच हरकत घेतली नाही. मला तर शंका आहे की ते कोणी नीट वाचलेही नसावे. स्वप्न मोठे असावे आणि तरीही ते पोकळ ठरू नये, हे कसे साधावे?

उत्तर : इथल्या वाचकांसाठी आधी एक खुलासा. अमेरिकेतले स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. शाळा चालवणारी ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते. अशा सुमारे १३ हजार संस्था त्या देशात आहेत. बहुतेक ठिकाणी तिचे नियामक मंडळ, म्हणजे बोर्ड, मतदार निवडतात आणि तिचा मुख्य प्रशासक, म्हणजे सुपरिंटेंडंट, बोर्ड नेमते. खर्चाचा मोठा भाग राज्याच्या तिजोरीतून आणि स्थानिक मालमत्ता करातून येतो, तर केंद्राचा वाटा साधारण एक दशांश असतो. म्हणून दृष्टिपत्राची जबाबदारी शेवटी तुमच्यावर, म्हणजे बोर्डावर आहे. ती सल्लागारांवर ढकलता येणार नाही.

आता तुमच्या वाक्याकडे वळू. त्याचा उलट अर्थ करून पाहा : 'काही मुले सज्ज नसली तरी चालेल' असे म्हणणारा बोर्ड सदस्य तुम्हाला कुठे सापडेल? ज्या विधानाची विरुद्ध बाजू कोणीही घेऊ शकत नाही, त्यातून अंदाजपत्रकाच्या बैठकीत कशाला हो म्हणायचे आणि कशाला नाही, हे ठरत नाही. मसुदा परत पाठवण्याचा अधिकार तुम्हाला आहे आणि तो वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दहा वर्षांची मुदतही मला खटकते. ती गोल आकडा म्हणून सोयीची आहे, पण शाळेचे आयुष्य दहा वर्षांत मोजले जात नाही. येत्या शरद ऋतूत किंडरगार्टनमध्ये, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात, पाऊल ठेवणारे मूल बारावी पूर्ण करून बाहेर पडेपर्यंत तेरा वर्षे जातात. दृष्टिपत्र त्या एका मुलाला दिलेला शब्द आहे, असे समजून लिहिले, तर त्याची भाषा आपोआप बदलते. मिशिगनमधल्या कॅलमाझू येथे २००५ साली नाव गुप्त ठेवणाऱ्या देणगीदारांनी असाच एक शब्द दिला. तिथल्या सार्वजनिक शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याचे राज्यातील सार्वजनिक महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क भरले जाईल. किंडरगार्टनपासून शिकलेल्याला पूर्ण, नववीत आलेल्याला ६५ टक्के. तुमच्याकडे असे देणगीदार नसतील, पण मुद्दा पैशांचा नाही. ते वचन कोणत्याही पालकाला एका वाचनात समजते, आणि ते पाळले गेले की नाही, हे त्याला स्वतः तपासता येते. तुमच्या मसुद्यातले एक तरी वाक्य या कसोटीला उतरते का?

मात्र वचन जितके मोठे, तितका त्यातला धोका मोठा. २००२ साली अमल सुरू झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने २०१३-१४ पर्यंत वाचन आणि गणितात देशातील सर्व विद्यार्थी प्रवीण होतील, असे उद्दिष्ट घातले होते. शंभर टक्के! मुदत जवळ आली तेव्हा राज्यांना सवलती द्याव्या लागल्या आणि २०१५ साली कायदाच बदलला गेला. त्याहून क्लेशदायक उदाहरण अटलांटाचे आहे. तिथे परीक्षेतील गुणांची उद्दिष्टे दरवर्षी वाढत गेली, ती गाठणाऱ्यांना बक्षीस आणि न गाठणाऱ्यांना नोकरीची धास्ती होती. राज्याच्या चौकशी अहवालात २०११ साली ४४ शाळांमध्ये गैरप्रकार आढळले आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांवर ठपका ठेवला गेला. मुलांच्या उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त करण्यापर्यंत मजल गेली होती. त्या शिक्षकांचे मी समर्थन करत नाही. पण साधने न देता केवळ आकडा वाढवत नेणाऱ्या व्यवस्थेलाही निर्दोष म्हणता येणार नाही.

म्हणून उद्दिष्टाबरोबर वाट लिहावी, आणि ती शेवटाकडून सुरुवातीकडे लिहावी. मेरीलँडमधील मॉन्टगोमेरी काउंटीने हे काम बारकाईने केले होते. २०१४ पर्यंत ८० टक्के विद्यार्थी महाविद्यालयासाठी तयार करायचे, हे ठरल्यावर त्यांनी उलट हिशोब मांडला : बारावीत अमुक दर्जा हवा, तर अकरावीपर्यंत बीजगणिताचा दुसरा टप्पा, त्यासाठी आठवीपर्यंत पहिला, त्यासाठी पाचवीत पुढील इयत्तेचे गणित, आणि या सगळ्याच्या मुळाशी दुसरीपर्यंतचे पक्के वाचन. यामुळे पहिलीच्या शिक्षिकेलाही आपल्या वर्गातल्या कामाचा बारावीशी असलेला धागा दिसू लागला. त्यातही एक ठेच लागली. गणितात काही मुलांना फार घाईने पुढे ढकलले गेल्याचे नंतर लक्षात आले आणि वेग कमी करावा लागला. वाटेवरचे टप्पे तपासण्यासाठी असतात, मुलांना हाकण्यासाठी नव्हे; तुमच्या दस्तऐवजात हे शब्दांत लिहून ठेवा.

पैशांबद्दल थोडक्यात, कारण सल्लागारांच्या मसुद्यात हा विषय सहसा शेवटच्या पानावर असतो. अमेरिकेत २००७ साली ४३ लाखांहून अधिक बालके जन्मली, २०२३ साली साधारण ३६ लाख. राज्याचा निधी बहुतांशी विद्यार्थिसंख्येवर ठरत असल्याने पुष्कळ डिस्ट्रिक्टना येत्या तेरा वर्षांत वर्गखोल्या रिकाम्या होण्याचा आणि निधी आटण्याचा सामना करावा लागेल. महासाथीच्या काळात केंद्राने शाळांना तीन हप्त्यांत सुमारे १९० अब्ज डॉलर दिले; त्यातून अनेकांनी कायम पगाराच्या जागा भरल्या आणि २०२४ मध्ये मुदत संपताच त्या कशा टिकवायच्या, हा प्रश्न उभा राहिला. तुमच्या भागातील जन्मांचे आकडे आणि घरबांधणीचे परवाने मागवून घ्या. एखादी शाळा पुढे बंद करावी लागणार असेल, तर ते आज सांगणाऱ्या दृष्टिपत्रावर लोक चिडतील, पण त्याच्यावर विश्वासही ठेवतील.

आणि मसुदा पुन्हा लिहिण्याआधी लोकांकडे जा. न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क शहरात २०१० साली फेसबुकच्या मार्क झुकरबर्ग यांनी १० कोटी डॉलरची देणगी जाहीर केली, ती दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात. शहरातील पालकांना ही बातमी पडद्यावरून कळली. पुढे शाळा बंद करण्याचे आणि कोणते मूल कोणत्या शाळेत जाईल याचे निर्णय आले, तेव्हा बैठकांमध्ये विरोधाचा भडका उडाला. काही विषयांत मुलांची प्रगती झाल्याचे अभ्यासकांनी पुढे दाखवले. परंतु लोकांना विचारले नाही, ही सल त्या आकड्यांनी गेली नाही. ऑनलाइन प्रश्नावली काढली म्हणजे विचारले, असे मात्र समजू नका. तिची उत्तरे ज्यांना वेळ आणि इंग्रजी आहे तेच देतात. रात्रपाळी करणाऱ्या पालकांना भेटायचे, तर त्यांच्या सोयीच्या वेळी, दुभाष्या बरोबर घेऊन जावे लागते. स्वतः स्थलांतरित असल्यामुळे हे तुम्हाला सांगण्याची गरज नसावी.

प्रश्न : मी दुसऱ्या राज्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. चौदा वर्षांत चार सुपरिंटेंडंट पाहिले, आणि प्रत्येकाबरोबर नवा आराखडा, नवे बोधचिन्ह व नवी प्रशिक्षणे आली. जुने काही संपल्याचे कधी कोणी सांगितले नाही. पाचवे दृष्टिपत्र शिक्षकांनी गांभीर्याने का घ्यावे?

उत्तर : ते टिकेल, असा पुरावा मिळेपर्यंत तुमचा संशय मला रास्त वाटतो. मात्र वेगळे घडल्याचे उदाहरणही आहे. कॅलिफोर्नियातील लाँग बीचमध्ये १९९२ ते २०२० या अठ्ठावीस वर्षांत दोनच सुपरिंटेंडंट झाले, कार्ल कोन आणि ख्रिस स्टाइनहाउझर. दुसरे त्याच शाळांत शिक्षक, मुख्याध्यापक आणि उपप्रमुख राहिलेले होते, आणि २०२० नंतरच्या प्रमुखही आतल्याच. २००८ साली तिथल्या शाळा, द्विवर्षीय महाविद्यालय आणि विद्यापीठ यांनी मिळून विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाचे आश्वासन देणारा करार केला. माणसे आणि कामाची रीत टिकल्यामुळे असा करार पुढे चालवता आला. डिस्ट्रिक्टच्या नशिबी असे स्थैर्य नेहमी नसते, हे खरे. पण नव्या सुपरिंटेंडंटची मुलाखत घेताना 'आधीच्या आराखड्यातले तुम्ही काय पुढे चालवाल?' हा प्रश्न विचारणे कोणत्याही बोर्डाला शक्य आहे. तो क्वचितच विचारला जातो.

शिक्षकांनी दृष्टिपत्रात एक पान मागून घ्यावे : आम्ही काय थांबवणार आहोत. नवा वाचन कार्यक्रम येणार असेल, तर कोणत्या दोन चाचण्या बंद होतील, कोणती बैठक रद्द होईल, कोणता अहवाल भरावा लागणार नाही. बोर्डाच्या जाहीर सभेत नागरिकांना बोलण्यासाठी साधारण तीन मिनिटे मिळतात. पुढील सभेत तुम्ही गेल्या चार आराखड्यांची मुखपृष्ठे घेऊन जा आणि त्यांतले नेमके काय आजही लागू आहे, एवढेच विचारा. उत्तर लेखी मागा.