बायपासनंतर टाके पिकू नयेत म्हणून घरच्यांनी काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे आहेत, पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, तीन आठवड्यांनी बायपास ठरली आहे, आणि शेजारच्या काकांचे छातीचे टाके पिकले म्हणून घरात सगळे धास्तावलेत. मी हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत सोळा वर्षं परिचारिका आहे. तुमची भीती खरी आहे, आणि तुमच्या हातात पुष्कळ काही आहे. त्यातलं बरंचसं ऑपरेशनच्या आधीचं आहे, म्हणून हे तीन आठवडे वाया घालवू नका.

सगळ्यात आधी साखर. साखर वाढलेली असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि जखम भरायलाही वेळ लागतो. अमेरिकेत पोर्टलंडच्या डॉक्टरांनी बायपाससारख्या ऑपरेशनच्या सुमारे अडीच हजार मधुमेही रुग्णांची नोंद १९९९ मध्ये छापली. पूर्वी ते इन्सुलिन त्वचेखाली टोचून देत. नंतर शिरेतून सतत थेंबथेंब द्यायला लागले. एवढ्या बदलाने छातीच्या खोल संसर्गाचं प्रमाण शंभरात २ वरून ०.८ वर आलं. आज आम्ही आयसीयूत तासातासाला बोटाला टोचून साखर बघतो आणि १८०च्या खाली ठेवायला धडपडतो, ते याचसाठी. ‘बाबांना किती टोचता हो’ म्हणून नातेवाईक कळवळतात. मला कळतं ते, पण त्या टोचण्याला अडवू नका. आणि आत्ताच एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. आकडा जास्त आला तर सर्जन आणि मधुमेहाचे डॉक्टर, दोघांनाही दाखवा. तब्येत थांबू देत असेल तर काही दिवस थांबून साखर आटोक्यात आणतात. वडील बिडी-सिगारेट ओढत असतील किंवा तंबाखू खात असतील, तर ती आजच बंद.

आता जंतू येतात कुठून? बरेचदा रुग्णाच्या स्वतःच्या अंगावरून. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू साधारण दर तिघांत एकाच्या नाकात मुक्कामाला असतो आणि तिथे काही त्रास देत नाही. छाती उघडली की मात्र तोच शत्रू होतो. म्हणून सर्जनना विचारा, ‘नाकात कापसाची काडी फिरवून जंतूंची तपासणी, म्हणजे स्वॅब, घेणार का? जंतू मारणारं म्युपिरोसिन मलम नाकात लावायचं का?’ नाकात जंतू सापडलेल्या रुग्णांना हृदयाच्या ऑपरेशनआधी हे मलम द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलं आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आणि त्या सकाळी साबणाने किंवा रुग्णालय देईल त्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने स्वच्छ अंघोळ घाला. काखा, जांघा, बेंबी विसरू नका. अंगावर कुठे गळू, खरूज, पायाला भेगा असतील, दात किडलेला असेल, तर लपवू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते. छातीचे आणि पायाचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. ब्लेडने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना आयतं घर मिळतं. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात क्लिपरने, म्हणजे त्वचेला न खरवडता केस कापणाऱ्या मशीनने, काढतात. तिथे कोणी वस्तरा घेऊन आलं, तर ‘क्लिपर आहे का?’ एवढं नम्रपणे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अँटिबायोटिकबद्दल घरोघरी एकच हट्ट असतो, भारी द्या आणि जास्त दिवस द्या. खरा फायदा असतो तो पहिला डोस छेद देण्याआधी, साधारण तासाभरात, मिळण्याचा. पुढे संसर्ग नसताना तो ४८ तासांपलीकडे ओढून हाती काही लागत नाही, उलट औषधाला न जुमानणारे जंतू मात्र तयार होतात.

ऑपरेशननंतर छातीचं मधलं हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर जड पिशवी, बादली, नातवंड, काहीच उचलायचं नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. हाड हललं की जखमेची तोंडं उघडतात आणि जंतू आत शिरतात. दुसरी जखम पायाची, जिथून शीर काढतात. छातीच्या धास्तीत घरचे ती विसरून जातात, आणि तीच जास्त वेळा चिघळते. बसताना पाय स्टुलावर उंच ठेवा.

घरी आल्यावर जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. डॉक्टरांनी परवानगी दिली की रोज साबण-पाण्याने अंघोळ चालते. नंतर स्वच्छ पंच्याने नुसतं टिपायचं, घासायचं नाही. हळद, तूप, कडुनिंबाचा पाला, अंगारा, पावडर, काही म्हणजे काही जखमेवर नको. अंगारा कपाळाला लावा, श्रद्धेच्या आड मी येत नाही. ‘भात आणि डाळ खाल्ली की पू होतो’ हेही ऐकाल. तसं काही नसतं. जखम भरायला प्रथिनं लागतात, तेव्हा डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडं रोज द्या. भाताचं प्रमाण साखरेच्या हिशोबाने ठरवा, पुवाच्या भीतीने नाही.

एक काका अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. घरी गेल्यावर टाक्यांतून थोडं पाणी येत होतं. ‘थोडंच तर आहे’ म्हणून घरच्यांनी आठ दिवस वरून पावडर टाकली. आले तेव्हा श्वास घेताना छातीच्या हाडातून टक् टक् आवाज येत होता. पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागलं, तारा काढल्या, कुजलेलं साफ केलं, आणि प्लास्टिक सर्जनने छातीचे स्नायू वळवून ती पोकळी भरली. दीड महिना रुग्णालयात गेला. काका वाचले. पहिल्या दिवशी आले असते तर इतकं सोसावं लागलं नसतं.

म्हणून रोज एकाच वेळी, उजेडात, छातीचा आणि पायाचा फोटो मोबाइलवर काढा आणि कालच्या फोटोशी ताडून बघा. लाली पसरतेय, जखम गरम लागतेय, पाणी किंवा पू येतोय, वास येतोय, ताप आहे, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, हाड टकटक वाजतंय, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या रुग्णालयात फोन करा. रविवार असला तरी. गल्लीतल्या दवाखान्यातून गोळ्या आणून दोन दिवस वाट बघू नका. डिस्चार्ज घेतानाच वॉर्डच्या सिस्टरकडून तो नंबर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा.