एआयची शाखा की मेकॅनिकल? बारावीनंतरच्या प्रवेशाविषयी

ताई, नमस्कार. आपल्या मुलीने बारावीनंतर सीईटी दिली आहे, पुण्यात एआय आणि डेटा सायन्स ही शाखा मिळण्यासारखी आहे, कोल्हापुरात राहिल्यास कॉम्प्युटर किंवा मेकॅनिकल मिळेल, आणि एआयमुळे चार वर्षांनी नोकऱ्याच उरणार नाहीत अशी भीती घरात बोलली जात आहे. अशा वेळी काय करावे, असे आपण विचारले आहे. शिरोली एमआयडीसीतील फौंड्र्यांच्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांच्या, गुणवत्ता विभागात मी बराच काळ काम केले असून आता त्याच उद्योगासाठी माहितीच्या विश्लेषणाचे काम करतो. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की शाखेच्या नावापेक्षा, यंत्राने दिलेले उत्तर केव्हा चूक आहे हे मुलीला ओळखता येईल का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

एआय आपल्या घरात केव्हाच आले आहे. मोबाइलवर मराठी टाइप करताना पुढचा शब्द सुचतो किंवा संशयास्पद व्यवहार बँक अडवते, तिथे हेच तंत्र असते. ते वापरायला कोणीही चार दिवसांत शिकतो, त्यामुळे केवळ वापरता येण्याला नोकरीच्या बाजारात फारशी किंमत राहणार नाही.

फौंड्रीतले उदाहरण देतो. कास्टिंगचे, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या धातूच्या भागाचे, छायाचित्र घेऊन त्यात ब्लो होल (वायू अडकून पडलेले छिद्र) किंवा तडा आहे का, हे सांगणारी प्रणाली आज बसवता येते. समजा १००० कास्टिंगपैकी २० सदोष आहेत. प्रत्येक कास्टिंगला डोळे मिटून ‘चांगले’ म्हणणारी प्रणालीसुद्धा ९८ टक्के अचूक ठरते, आणि तिने एकही दोष पकडलेला नसतो. म्हणून विचारायचे ते हे, की २० पैकी किती सापडले आणि ते शोधताना किती चांगला माल विनाकारण बाजूला पडला. या दोन चुकांपैकी कोणती महाग, हे संगणक ठरवू शकत नाही. कास्टिंग वाहनाच्या ब्रेकमध्ये जाणार आहे की नुसते वजन म्हणून वापरले जाणार आहे, हे जाणणारा माणूस ठरवतो. शिवाय ब्लो होल वाळूतल्या जादा ओलाव्यामुळे आला की साच्यातून वायू बाहेर पडायला वाट न मिळाल्यामुळे, हे नुसत्या छायाचित्रावरून सहसा कळत नाही. त्यासाठी मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे तयार होतात त्या, जागी जाऊन उभे राहावे लागते.

दुसरे उदाहरण आपल्या पंचगंगेचे आहे, आणि सरावाचा प्रकल्प म्हणून मुलीला ते मी आवर्जून सुचवीन. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या प्रत्येकाला पावसाळ्यात पाठ असते. पाऊस, राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांतून होणारा विसर्ग आणि बंधाऱ्यावरील पातळी अशा जुन्या नोंदी मिळवून उद्याची पातळी सांगणारे छोटे मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकून अंदाज देणारा प्रोग्राम, तिने तयार करावे. रँडम फॉरेस्ट ही लोकप्रिय पद्धत वापरली, तर तिचे उत्तर शिकवलेल्या नोंदींमधील पातळ्यांच्या सरासरीतूनच येते. त्यामुळे आधी न पाहिलेली उंची ती कधीच सांगू शकत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. ही वर्षे वगळून मॉडेल शिकवले आणि मग त्यांवर तपासले, की नेमक्या ज्या दिवशी अंदाजाची सर्वाधिक गरज होती त्या दिवशी ते कसे अपुरे पडते, हे तिला स्वतःला दिसेल. त्याच प्रकल्पात ०५/०८/२०१९ ही तारीखही पाहावी. दिवस आधी लिहिला आहे हे वेगळे सांगितले नाही, तर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतील पँडाज हे नोंदी हाताळण्याचे साधन ती ८ मे अशी वाचते. प्रोग्राम कोणतीही तक्रार न करता चालतो आणि ऑगस्टचा महापूर मे महिन्यात जातो. कोल्हापूरच्या मुलीला ही चूक आलेख पाहताच खटकेल, आणि असे खटकणे हीच पुढे तिची खरी पात्रता असेल.

पायाभूत गोष्टी त्याच जुन्या आहेत. राज्य मंडळाच्या बारावीच्या गणितातील मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन आणि प्रॉबॅबिलिटी या तीन भागांवरच या तंत्राचा बराचसा डोलारा उभा आहे. प्रवेश होईपर्यंतच्या आठवड्यांत हे भाग परीक्षेची घाई नसताना तिने पुन्हा वाचावेत आणि सोबत पायथन सुरू करावे. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर यासाठी चांगले अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. काही महिन्यांत एआय शिकवून नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला मोठी रक्कम भरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ती गृहपाठासाठी चॅटजीपीटी वापरते, याची आपल्याला काळजी वाटते. बंदी घालू नये, पण क्रम ठरवून द्यावा. आधी तिने स्वतः लिहावे आणि मग त्यातली चूक शोधायला त्याला सांगावे. अशी प्रणाली मुळात पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, या हिशेबाने वाक्य रचत जाते, त्यामुळे चुकीचे उत्तरही ती तितक्याच ठाम भाषेत देते. शिकण्याच्या वयात विचाराचे काम आयते करून घेतले, तर तो ठामपणा तपासण्याची ताकद येणारच नाही.

आता शाखा. पुण्याचे महाविद्यालय अध्यापन आणि प्रयोगशाळा या दोन्हींत स्पष्टपणे सरस असेल आणि घरखर्चाला झेपत असेल, तर जरूर पाठवावे. केवळ शाखेच्या नावात एआय आहे म्हणून कर्ज काढू नये. तिला यंत्रांची आवड असेल, तर कोल्हापुरात मेकॅनिकल घेऊन एआय हा विषय मायनर, म्हणजे मुख्य शाखेसोबतचा जोडविषय, म्हणून घेणे मला अधिक भक्कम वाटते, कारण शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथले कारखाने आणि त्यांचे प्रश्न तिच्या हाताशी राहतील. यंत्रांत रस नसेल, तर कॉम्प्युटर घ्यावे. पर्याय भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयात मायनरची सोय प्रत्यक्ष सुरू आहे का, हे विभागात जाऊन विचारावे.

लॅपटॉपसाठी फार खर्च करण्याची गरज नाही. १६ जीबी रॅम असलेला साधा लॅपटॉप पुरेल. मोठे मॉडेल शिकवण्याची वेळ आली, तर गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर ब्राउझरमधूनच मर्यादित वेळ जीपीयू (अशा जड आकडेमोडीसाठीचा वेगवान प्रोसेसर) मोफत मिळतो.